दर सोमवारी पाव चाक

सतरा गाड्या, आणि खिशात एकाही गाडीची किल्ली नाही, असा माणूस मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात एकच पाहिला होता. तो म्हणजे त्यांचा मालक. किल्ल्या गाड्यांच्या हॉलमधल्या भिंतीवर एका लाकडी फळीवर ओळीने टांगलेल्या असत, एक ते सतरा. प्रत्येक खिळ्याखाली पितळी आकडा. मालक हॉलमध्ये आले की आधी फळीकडे बघत, किल्ल्या जागच्या जागी आहेत ना याची खात्री करत, आणि मग गाड्यांकडे वळत. फळीवरची किल्ली त्यांनी स्वतःच्या हाताने काढल्याला पंधरा वर्षं झाली होती.

गाडी मात्र एकेक अशी, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. सगळ्या जुन्या स्पोर्ट्स कार, दोन माणसांच्या, जमिनीला टेकलेल्या, लांब नाकाच्या. पूर्वी त्या हॉलमध्ये सूत रंगवायचा कारखाना होता. मालकांनी तो विकत घेऊन खाली पांढऱ्या फरश्या बसवल्या, खिडक्यांना जाड पडदे लावले, आणि प्रत्येक गाडीला सुती अभ्रा शिवून घेतला. स्वतःच्या घरातल्या सोफ्याला त्यांनी कधी अभ्रा शिवला नव्हता.

सोमवार हा मिस्त्रींचा तिथला दिवस. बाकीचे दिवस त्यांचं स्वतःचं छोटं गॅरेज होतं, पण सोमवारी सकाळी आठ वाजता ते हॉलचं कुलूप उघडत. अभ्रे काढायचे, एकेक गाडी सुरू करायची, दहा मिनिटं जागेवर चालू ठेवायची, बंद करायची. मग ती हाताने ढकलायची, चाक बरोबर पाव फिरेल एवढीच. न हलवता ठेवली तर टायर एकाच जागी दबून खालून सपाट होतो. किती फिरलं ते कळावं म्हणून मिस्त्री टायरच्या पाठीवर खडूने आडवी रेघ मारत. या सोमवारी रेघ वर, पुढच्या सोमवारी समोर, मग खाली, मग मागे. महिन्याभरात चाकाचा एक फेरा पूर्ण व्हायचा. टाकीत दोन लिटरच्या वर पेट्रोल ठेवायचं नाही, हाही मिस्त्रींचाच नियम, कारण पडून राहिलेलं पेट्रोल डिंकासारखं चिकट होतं. धडधाकट माणसाला अंथरुणात ठेवून दर आठवड्याला कूस बदलून द्यावी, तसलं ते काम होतं. चौदा वर्षं मिस्त्री ते करत होते आणि कुणी विचारलंच तर म्हणत, "गाड्या माझ्या असत्या तर मी एकच ठेवली असती आणि तिचे पार हाल केले असते."

मालक काही पहिल्यापासून असे नव्हते. पहिल्या तीन गाड्या त्यांनी चालवल्या होत्या. तिसरीच्या दिव्यावर एकदा रस्त्यातला खडा उडाला आणि काच तडकली. तशी काच मिळायला सात महिने लागले, आणि त्या सात महिन्यांत मालकांच्या मनाने जे काय घेतलं ते घेतलं. पुढची गाडी आली ती ट्रकवरून उतरली आणि थेट अभ्र्याखाली गेली.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका बुधवारी मालकांची थोरली बहीण आली. ताई एकोणऐंशी वर्षांच्या होत्या, मालकांपेक्षा आठ वर्षांनी मोठ्या. आई लवकर गेल्यामुळे भावाला त्यांनीच वाढवलं होतं, त्यामुळे त्या त्याच्याशी अजूनही नाक पुसायला रुमाल घेतलास का अशा सुरात बोलत. गुरुवारी मालकांनी मिस्त्रींना फोन करून बोलावून घेतलं. ताईंना गाड्या दाखवायच्या होत्या, अभ्रे काढायला माणूस हवा होता.

ताई काठी टेकत ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"ह्या सगळ्या चालतात?" त्यांनी विचारलं.

"सुरू होतात," मिस्त्री म्हणाले. खोटं बोलायचं नसलं की माणूस कसे तोलून मापून शब्द काढतो बघा.

"मग मला स्टेशनवरून आणायला टॅक्सी का पाठवलीस रे?"

मालक घुटमळले. "ताई, आभाळ आलं होतं. म्हटलं, पाऊसबिऊस पडला तर..."

"मी भिजले असते तर चाललं असतं, गाडी नको भिजायला. असंच ना?" ताई म्हणाल्या, पण त्या हसत होत्या. मग त्या सात नंबरपाशी थांबल्या आणि त्यांचं हसू थांबलं. "ही का ती?"

"हीच ती," मालक म्हणाले.

सात नंबर हिरवी होती. गडद, तमालपत्रासारखी हिरवी. ही दोघं भावंडं लहान असताना त्यांच्या शाळेच्या वाटेवर गाड्यांचं एक दुकान होतं आणि त्याच्या काचेमागे अशीच एक उभी असायची. रोज येता-जाता दोघं काचेला नाक लावून उभी राहत, आणि काचेवर डाग पडतात म्हणून दुकानदार त्यांना हाकलायचा. एकदा सात वर्षांच्या भावाने पंधरा वर्षांच्या बहिणीला शब्द दिला होता, की मोठा झालो की ही घेईन आणि तुला शेजारी बसवून दीपगृहापर्यंत नेईन. गाडी त्याने घेतलीही, चौदा वर्षांपूर्वी. फोन करून ताईला कळवलंही. पण नेणं तेवढं राहून गेलं होतं.

"रविवारी संध्याकाळी माझी ट्रेन आहे," ताई म्हणाल्या. "रविवारी सकाळी मला दीपगृहापर्यंत ने. ह्याच गाडीतून. पुढच्या वेळेपर्यंत मी असेन की नाही कुणी सांगावं, आणि असले तरी एवढ्या खाली बसून मला परत उठता येईल याची काही खात्री नाही."

मालकांनी वाकून गाडीच्या दिव्याची काच बघितली. मिस्त्रींना वाटलं, नाही म्हणतील. मनातून त्यांनी तशी प्रार्थनाच केली म्हणा ना.

"नेतो," मालक म्हणाले. "मिस्त्री, शनिवारपर्यंत सात नंबर तयार ठेवा."

 सात नंबर जागची हलणं शक्यच नव्हतं, आणि ही गोष्ट त्या हॉलमध्ये त्यांच्या एकट्याला ठाऊक होती.

झालं होतं असं. शहराच्या बाहेर टेकड्यांच्या बाजूला एक नर्स राहायची. घरोघरी जाऊन बाळंतपणं करायची. सगळे तिला सिस्टर म्हणत. तिच्याकडेही अशीच एक गाडी होती, अगदी सात नंबरची जुळी बहीण. मावशीने मरताना ठेवलेली. तीही कधीकाळी हिरवी होती, आता बरीचशी गंजाच्या आणि पोचे बुजवायच्या लांबीच्या रंगाची झाली होती. सिस्टर ती रोज चालवायची, कारण टेकड्यांतल्या त्या अरुंद वळणांवर मोठी गाडी वळत नसे. तीन वर्षांपूर्वी तिच्या गाडीचा मागचा एक्सल तुटला. एक्सल म्हणजे चाकाला फिरवणारा लोखंडी दांडा. तो तुटला की इंजिन कितीही गुरगुरलं तरी गाडी जागची हलत नाही. तो मिळायला निदान दीड महिना लागणार होता, आणि त्या आठवड्यात एका अवघडलेल्या बाईचे दिवस भरत आले होते.

मिस्त्रींनी सोमवारी हॉलमध्ये जाऊन सात नंबरचा एक्सल काढला आणि सिस्टरच्या गाडीत बसवला. तुटलेला तुकडा सात नंबरमध्ये घातला, चाक उभं राहावं म्हणून. जुना मिळाला कुठेतरी, एवढंच त्यांनी सिस्टरला सांगितलं. एका लेथवाल्याला नवा करायला टाकला. त्याने केला त्याचे दाते जुळेनात. दुसऱ्यांदा करतो म्हणाला आणि दुकान बंद करून मुलाकडे निघून गेला. मग पुढच्या सोमवारी बघू, त्याच्या पुढच्या सोमवारी बघू, असं होता होता तीन वर्षं गेली. सात नंबर दर सोमवारी सुरू होत होती, छान आवाज करत होती आणि हाताने पाव चाक ढकलली जात होती. तिला काय झालंय हे कळायला ती कुणीतरी चालवायला हवी होती.

घरी गेल्यावर बायकोने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि गॅस बारीक केला. एक्सलची गोष्ट तिला पहिल्या दिवसापासून माहीत होती.

"सांगून टाका," ती म्हणाली.

"काम जाईल गं."

"जाऊ दे. सोमवारी घरी बसा. कपाटाचं दार कधीचं लागत नाहीये."

"कामाचं नाही एवढं," मिस्त्री म्हणाले. "बत्तीस वर्षांत कुणी माझ्या पाठीमागे कुलूप तपासून पाहिलं नाही. लोक किल्ली देतात आणि गावाला जातात. हे बाहेर गेलं की ते संपलं."

बायकोने ताट वाढायला घेतलं. तिला ते पटलं होतं हे मिस्त्रींना कळलं, आणि त्यामुळे त्यांना जास्तच वाईट वाटलं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी चार ठिकाणी फोन केले. एक्सल कुठेही नव्हता. मग त्यांनी हत्यारांची पिशवी स्कूटरला अडकवली आणि सिस्टरच्या घरी गेले. मनाशी त्यांनी सगळं ठरवून टाकलं होतं. गाडीला जरा काम आहे म्हणायचं, एक्सल काढायचा, रविवार निभावून न्यायचा आणि सोमवारी परत आणून बसवायचा. चार दिवसांचा प्रश्न होता. कुणाला काही कळलं नसतं.

सिस्टर अंगणात गाडीत सामान भरत होती. शेजारच्या सीटवर बाळ तोलायचा काटा, त्याखाली घडी घातलेली दुपटी, पायाशी चिखलाचे बूट. सीट फाटली होती तिथे तिने जखमेला टाके घालायच्या दोऱ्याने सात-आठ टाके घातले होते, आणि काय सुबक घातले होते.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "ऑइल बघा जरा. आणि तुम्ही तो एक्सल बसवलात ना, देवमाणसाने बनवला असणार हो. ह्या वर्षी पुराच्या पाण्यातून काढली मी गाडी, पण हूं की चूं केलं नाही त्याने."

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. आत तोंड खुपसून विचारलं, "सिस्टर, समजा चार दिवस गाडी नाही मिळाली तर?"

"तर सायकल काढीन. पूर्वी काढतच होते." ती दुपटी मोजत होती. "पण टेकडीवरच्या त्या घरात जुळी आहेत, मिस्त्री. आज-उद्या कधीही. जुळी सायकलची वाट बघत नाहीत. का, काही निघालं का गाडीत?"

"नाही, नाही," मिस्त्री म्हणाले. "गाडी ठणठणीत आहे."

त्यांनी ऑइल बदललं, एक ढिला नट आवळला आणि परत आले. पिशवीतला एक्सल काढायचा पाना त्यांनी बाहेरसुद्धा काढला नाही. येताना वाटेत त्यांना स्वतःचा असा काही राग आला की एका चौकात ते हिरवा दिवा लागल्यावरही उभेच राहिले, आणि मागच्यांनी हॉर्न वाजवून त्यांचा उद्धार केला.

शनिवारी सकाळी ते हॉलवर पोचले तेव्हा दार उघडंच होतं. मालक त्यांच्या आधी आले होते. सात नंबरचा अभ्रा खाली पडला होता, आणि मालक आत स्टिअरिंगमागे बसून, इंजिन बंद ठेवून, गिअर टाकायचा सराव करत होते. पहिला, दुसरा, तिसरा. ओठ हलत होते. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पण पाठमोरा काचेला नाक लावलेल्या त्या पोरासारखा दिसत होता. मिस्त्रींना वाटलं, आल्या पावली मागे फिरावं.

"या या, मिस्त्री," मालक म्हणाले. "क्लच जरा जड लागतोय का हो? की माझाच पाय राहिलेला नाही?"

"मालक, ही गाडी चालणार नाही."

"का? सोमवारी तर सुरू केलीत."

मिस्त्रींनी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. लेथवाल्याचंही सांगितलं, आणि शुक्रवारी पिशवी घेऊन गेलो होतो तेही सांगितलं. सांगताना ते गाडीच्या दिव्याकडे बघत होते, कारण मालकांकडे बघवत नव्हतं.

मालकांचा विश्वास बसेना. त्यांनी गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. खालून खरखर झाली. गाडी होती तिथेच राहिली. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. मग त्यांनी इंजिन बंद केलं.

"तीन वर्षं?"

"हो."

"दर सोमवारी तुम्ही ही सुरू करून दाखवत होतात. मी तिथे खुर्चीत बसलेला असायचो."

"हो."

"चोरी म्हणतात याला, मिस्त्री."

"हो, मालक. चोरीच."

मिस्त्रींनी खिशातून हॉलची किल्ली काढली. गाडीचं बॉनेट हाताशी होतं, पण पॉलिशवर ओरखडा येईल म्हणून ते चार पावलं चालत टेबलापर्यंत गेले आणि किल्ली तिथे ठेवली. मालकांचा चेहरा असा झाला होता की त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं मिस्त्रींना वाटलं.

"मला सांगा," दारातून आवाज आला. ताई काठी टेकून उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या देव जाणे. "तो दांडा आता आहे कुठे?"

"सिस्टरच्या गाडीत."

"आणि ती गाडी चालते?"

"रोज चालते."

"मग मला त्या गाडीतून जायचंय."

"ताई!" मालक गाडीतून अर्धे उठले. "ती बाई कोण, कुठली, आपली ना ओळख ना पाळख. आणि तिची गाडी म्हणजे..."

"दांडा तुझा आहे ना तिच्यात? मग मागचं एक चाक तरी आपल्या घरचं झालं. तू शब्द दिला होतास तेव्हा गाडी चकचकीत असेल असं काही म्हणाला नव्हतास. नेतो म्हणाला होतास." मग त्या मिस्त्रींकडे वळल्या. "आणि तुम्ही असे उभे राहू नका चेहरा पाडून. फोन करा त्या सिस्टरला."

हा फोन मिस्त्रींना मालकांसमोर बोलण्यापेक्षा जड गेला. मालकांना निदान संताप करायची मुभा होती. सिस्टरने सगळं ऐकून घेतलं.

"मिस्त्री," ती म्हणाली, "तुम्ही मला खरं सांगितलं असतंत ना, तर मी एक्सल बसवू दिला नसता. आणि मग त्या दिवशी मी वेळेवर पोचले नसते. आता मी तुमच्यावर रागावू तरी कशी? पण रागावलेय मी, हे लक्षात ठेवा." मग ती म्हणाली, "जुळी काल आली. दोन्ही मुली. उद्या सकाळी गाडी घेऊन येते मी. पण मला फोन आला तर असतील तिथून त्यांनी परत यायचं."

रविवारी ऊन छान पडलं होतं. सिस्टर गाडी घेऊन आली, काटा आणि दुपटी काढून हॉलच्या पायरीवर ठेवली आणि किल्ली मालकांच्या हातात दिली. मालक त्या गाडीभोवती एक फेरा मारून आले. दाराला पोचे, बाजूचा आरसा तारेने बांधलेला, मागचे दिवे एक लाल आणि एक नारिंगी. त्यांना कुठे बघावं कळेना. शेवटी त्यांनी ती टाके घातलेली सीट पाहिली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि आत बसले. ताईंना मिस्त्रींनी आणि सिस्टरने दोन बाजूंनी धरून खाली सोडलं.

गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा ती धक्के खात फाटकाबाहेर गेली, आणि वळणावर ताईंचा एक हात वर आलेला दिसला. टाटा करत होत्या की देवाचा धावा, ते लांबून कळलं नाही.

मिस्त्री आणि सिस्टर पायरीवर बसून राहिले. चहा झाला, दुसरा चहा झाला. सिस्टर मध्येच आत जाऊन सात नंबर बघून आली.

"किती सुंदर आहे हो," ती म्हणाली. "माझीही अशी होती का कधी?"

"अगदी अशीच."

"मला नसती बाई चालवता आली. हात लावायची भीती वाटली असती."

दोन तासांचे तीन तास झाले. मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे नाही नाही ते येऊ लागलं. तेवढ्यात तो खडखडाट ऐकू आला. गाडी आली ती आधीपेक्षा बऱ्या चालीने आली. ताईंचा अंबाडा पार सुटला होता, पांढरे केस चारी बाजूंना उडाले होते आणि नाक लाल झालं होतं. "दीपगृह बघितलं," त्यांनी गाडीतूनच ओरडून सांगितलं. "मग त्याच्या पुढचं गावही बघितलं. ह्याला गाडी उलटी वळवता येईना!"

मालक मात्र उतरले ते पडल्या चेहऱ्याने. "सिस्टर, माफ करा. एका कुंपणाला घासली. डाव्या बाजूला ओरखडा आलाय. मी नीट करून देईन."

सिस्टर डाव्या बाजूला गेली, वाकली. "कुठला? हा?"

"हा नाही. हा असावा."

"हा तर माझा. शाळेच्या भिंतीचा."

"मग हा?"

"तोही माझाच."

दोघं गुडघ्यांवर बसून ओरखडे शोधत राहिले. मालकांना स्वतःचा ओरखडा काही सापडेना. शेवटी ते तसेच जमिनीवर बसले आणि हसायला लागले. ते असे हसतात हे मिस्त्रींना चौदा वर्षांत माहीत नव्हतं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि सिस्टरला म्हणाले, "तो एक्सल राहू दे तुमच्याकडेच. आमच्याकडे येऊन काय करणार आहे तो?"

मिस्त्रींकडे मात्र ते वळले नाहीत. संध्याकाळी सिस्टरनेच ताईंना आपल्या गाडीतून स्टेशनवर सोडलं. निघताना ताईंनी मिस्त्रींचा हात धरला आणि दाबला. मालक म्हणाले, "सोमवारी बघू," आणि आत गेले. टेबलावरची किल्ली टेबलावरच होती.

मिस्त्रींना त्या रविवारी जेवण गेलं नाही. "सोमवारी बघू" हे त्यांचेच शब्द होते, तीन वर्षं ते स्वतःला तेच सांगत आले होते, आणि त्यातून काय निघतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. सकाळी ते पिशवी न घेताच निघाले. हॉलमध्ये त्यांचा एक जॅक आणि दोन पाने होते, तेवढे उचलायचे आणि निरोप घ्यायचा.

हॉलचं दार सताड उघडं होतं. आत कुणी नव्हतं. मिस्त्रींची नजर सवयीने ओळीवरून फिरली आणि अकरा नंबरनंतर अडखळली. बारा नंबरच्या जागी नुसती फरशी होती आणि तिच्यावर चुरगळलेला अभ्रा. फळीवर बारावा खिळा रिकामा. चोर शिरले, हेच त्यांच्या मनात पहिलं आलं. आणि आजच्या दिवशी चोर शिरले म्हटल्यावर संशय कुणावर येणार, हे दुसरं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"मिस्त्री," मालकांचा आवाज होता, मागे वारा. "बारा नंबर बंद पडली. पुलाच्या अलीकडे आहे मी. मस्त चालली होती हो, आणि एकदम खोकली आणि गेली. बॉनेट उघडून उभा आहे, पण मला त्यातलं काय कळतंय डोंबल."

मिस्त्रींनी डोळे मिटले. "पेट्रोलचा काटा बघा, मालक."

थोडा वेळ गेला. "खाली टेकलाय. टाकीत किती असतं हो?"

"दोन लिटर."

"दोनच? सगळ्यांत?"

"सगळ्यांत. चौदा वर्षं."

"का पण?"

"जायचं कुठे होतं?"

पलीकडून एक ट्रक गेल्याचा आवाज आला. मिस्त्रींना वाटलं, आपण नको ते बोललो.

"खरंय," मालक म्हणाले. "हे बघा मिस्त्री. सात नंबरचं मला लागलंय, आणि ते एका दिवसात जायचं नाही. काल पाठ टेकली तेव्हा तुमचाच राग आला होता. पण नंतर आठवलं, की तीन वर्षं ती माझ्यासमोर मोडकी उभी होती आणि मला पत्ता नव्हता. मग नुसता तुमच्यावर किती रागावणार?" ते थांबले. "पेट्रोलचा कॅन घेऊन या. स्कूटर नको. पाच नंबर काढा, तिचा आवाज कसा येतो ते मला लांबून ऐकायचंय. आणि हॉलला कुलूप लावून या."

फोन बंद झाला. मिस्त्री तिथेच उभे राहिले. कुलूप लावायचं म्हणजे किल्ली लागणार होती, आणि किल्ली टेबलावर होती. त्यांनी ती उचलली. शनिवारपासून ती तिथे पडून गार झाली होती. ती मुठीत धरल्यावर मात्र त्यांचे डोळे भरून आले, आणि बघायला कुणी नव्हतं म्हणून त्यांनी ते भरू दिले.

मग त्यांनी पाचवी किल्ली काढली, अभ्रा घडी करून ठेवला, भरलेला कॅन शेजारच्या सीटवर बेल्ट लावून बसवला. चौदा वर्षं ही गाडी त्यांनी ढकलली होती, पण तिची सीट किती खोल आहे हे त्यांना आज कळलं. हॉलला कुलूप लावलं, कडी दोनदा ओढून पाहिली, किल्ली खिशात टाकली.

फाटकातून रस्त्यावर येताना गाडीला एक हलका धक्का बसला. दुसऱ्या वळणापर्यंत ते जीव मुठीत धरून चालवत होते. तिसऱ्या वळणानंतर त्यांनी पाय जरा दाबला, आणि गाडी जी काय निघाली, की त्यांच्या तोंडून आपोआप एक आरोळी बाहेर पडली. एकसष्टाव्या वर्षी, भर रस्त्यात. एका बाईने वळून पाहिलं.

पुलाच्या अलीकडे मालक कठड्यावर बसले होते, हात काळेकुट्ट, सदऱ्यावरही डाग. मिस्त्रींनी गाडी त्यांच्याजवळ आणून उभी केली आणि उतरून, सवयीने, आधी टायरकडे पाहिलं. खडूची रेघ पुसून गेली होती.

"काय झालं?" मालकांनी विचारलं.

"काही नाही," मिस्त्री म्हणाले आणि कॅनचं झाकण उघडायला लागले. "परत जाताना पेट्रोल भरून घेऊ. दोन्ही टाक्या पूर्ण."